पेडल मारतो, मोटर का फिरत नाही?

मंडळी, चिखल्याच्या मँगनीज खाणीत पाळीला जाणाऱ्याची इलेक्ट्रिक सायकल पेडलला साथ देईना, की आपण म्हणतो, कंट्रोलर गेला. थांबा! थ्रॉटलने मोटर फिरते ना? मग संशय आधी पेडल-सेन्सरवर. त्याच्या ३ वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल. रंगावर विसंबू नये, ते कंपनीगणिक बदलतात. मल्टिमीटरने पाहू: पहिल्या दोहोंत सुमारे ५ व्होल्ट हवेत, पेडल हळू फिरवताना सिग्नल वर-खाली व्हावा. होतो, तरी मोटर गप्प? मग चुंबकांची चकती उलटी बसली असेल, किंवा हा सेन्सर त्या कंट्रोलरशी जुळत नसेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे असताना दोष, हे काढल्यावर नाही. न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक तो हाच. नाहीतर नव्या कंट्रोलरचा भुर्दंड, आणि दोष तिथंच!