कुर्ल्याचा रंग, पडेगावची गन

जुनी फियाट बघायला आलेला जाणता माणूस दारं आपटून बघत नाही, आधी बॉनेट उघडायला सांगतो. बाहेरचा रंग पन्नास वर्षांत तीन-चारदा बदललेला असतो. कुणी पोरीच्या लग्नाआधी गाडी पांढरीशुभ्र करून घेतो, कुणी ठोकर लपवायला गडद रंग निवडतो. इंजिनाच्या कप्प्यातला रंग मात्र बहुतेकदा कारखान्यातून निघतानाचाच राहतो, कारण तिथे नीट हात घालायचा तर इंजिन उतरवावं लागतं, आणि निव्वळ रंगासाठी इंजिन उतरवणं पगारदार माणसाच्या हिशेबात बसत नाही. म्हणून बॅटरीच्या ट्रेखाली, रेग्युलेटरच्या मागे, एखाद्या ब्रॅकेटच्या सावलीत हातभर नाही तरी बोटभर मूळ रंग सापडतोच.

छत्रपती संभाजीनगरची छावणी मागे टाकून नाशिक रस्त्याने निघालं की पडेगाव, मग मिटमिटा, शरणापूर, आणि तिथून दौलताबाद. वेरूळला जाणाऱ्यांना ही वस्ती गाडीच्या काचेतून दिसते तेवढीच. या रस्त्याकाठच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनाविना प्रीमियर पद्मिनी घोडीवर चढवलेली दिसली, तर खुशाल समजावं की मालक हौशी आहे आणि डेंटर-पेंटर मंडळी त्याच्या हौसेला थोडी कंटाळलेली आहेत. कारण इंजिनाचा कप्पा रंगवणं हे काम बाहेरून बघणाऱ्याला दोन दिवसांचं वाटतं आणि करणाऱ्याला माहीत असतं की स्प्रे गन हातात येईपर्यंतच महिना सरणार आहे.

पद्मिनीचा पत्रा समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये आपल्याकडे आलेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, आणि मुंबईतली अखेरची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली.

रंगवणाऱ्याच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट निराळीच आहे. या गाडीच्या घराण्यात, म्हणजे १९५३ च्या फियाट ११०० पासून, वेगळी चासी नाही. जुन्या विलीज जीपला खाली शिडीसारखी चासी असते, वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. फियाटचा सांगाडा म्हणजे पत्राच. इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे एप्रन, मागची फायरवॉल आणि खालचे पोकळ दांडे मिळूनच पुढच्या चाकांचा आणि इंजिनाचा भार पेलतात. तेव्हा इथला गंज हा दिसण्याचा प्रश्न नसतो. लांबी भरून, घासून, वर चकचकीत रंग मारलेला सडका एप्रन म्हणजे सरळ फसवणूक, मग ती विकणाऱ्याने केलेली असो की मालकाने स्वतःची स्वतः.

कामाची सुरुवात बॅटरी काढण्यापासून होते. मग रेडिएटर रिकामा करायचा, बॉनेट उतरवायचं, चेन पुली लावून इंजिन बाहेर घ्यायचं. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून खूण करायची. आता मोबाइलमध्ये फोटोही काढतात, पण फोटोत एकाआड एक गेलेल्या दोन काळ्या वायरी सारख्याच दिसतात, चिठ्ठीला पर्याय नाही. मोकळा झालेला कप्पा बघितला की पहिला विचार येतो तो हा की इतकं तेल इथे जमलंच कसं. ग्रीस, धूळ आणि जळकं ऑइल यांचा अर्धा-पाऊण इंची थर खरवडायचा, उरलेलं डिझेल किंवा रॉकेलने धुवायचं. इथेच बरेच जण थांबतात आणि पुढे रडतात. डिझेल स्वतः तेलकट असतं. त्याचा पापुद्रा साबणाच्या गरम पाण्याने आणि नंतर थिनरच्या स्वच्छ फडक्याने काढला नाही, तर नवा रंग बसताना जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

जुना रंग घासताना पाणी लावूनच वॉटर पेपर फिरवावा. त्या काळच्या रंगांत शिसं असण्याची शक्यता असते, आणि कोरडी घासाई म्हणजे ते पीठ फुप्फुसात घेणं.

सगळ्यात वाईट हाल बॅटरीच्या ट्रेचे. बॅटरीतलं गंधकाम्ल वर्षानुवर्षं थेंब-थेंब सांडलेलं असतं. आधी खायचा सोडा पाण्यात कालवून तिथे ओतायचा, फसफस थांबेपर्यंत. मग टोकदार हातोडीने ठोकून बघायचं. खणखणीत वाजला तर पत्रा जिवंत, भद्द वाजला तर कापायचा. नव्या पत्र्याचा तुकडा घडवून, वेल्डिंग करून, सांध्यांवर सीलर भरायचं. मुंबईतून आलेली गाडी असेल तर हे काम दुप्पट. तिथे पाऊस २२०० मिलिमीटरच्या वर, शिवाय खारी हवा. इथे पाऊस सरासरी सातशेच्या आसपास. मराठवाड्यात वाढलेल्या गाडीचा रंग उन्हाने उकललेला असतो, कानाकोपऱ्यात धूळ दडपून बसलेली असते, पण पत्रा बहुधा शाबूत. जुन्या गाड्यांचे शौकीन कोरड्या मुलखातली गाडी शोधतात ते यासाठी.

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होतात, वाळूजला १९८५ पासून बजाजच्या दुचाकी. आधुनिक मोटार कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवतात आणि वीज सोडतात. विजेच्या ओढीने प्रायमर पोकळ दांड्यांच्या आतसुद्धा जाऊन बसतो, मग भट्टीत भाजला जातो. फोर्डने ही पद्धत १९६० च्या दशकात वापरात आणली. पडेगावच्या शेडमध्ये हौद नाही. तिथे ब्रश आहे, वाकडी मान आहे आणि हातातला दिवा आहे. आधी पत्र्याला घट्ट धरणारा प्रायमर, त्यावर इपॉक्सी, आणि सांध्यांमध्ये, दांड्यांच्या तोंडाशी ब्रशने पुन्हा एकदा. हे कुणाला दिसत नाही, म्हणूनच चांगला पेंटर ओळखायचा तर इथे ओळखावा.

मग रंग कुठला, यावर वाद होतो. गॅरेजमध्ये आजही ‘ड्यूको’ म्हणतात तो नायट्रोसेल्युलोजचा रंग. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने तो १९२३ मध्ये बाजारात आणला, आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो दिसला. ब्रशने व्हार्निश चढवून आठवडेच्या आठवडे वाळवत बसायचे दिवस त्याने संपवले. तो झटपट वाळतो, चुकला तर पुन्हा घासून मारता येतो. पण कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकलं की विरघळतो. पावसाळी हवेत तर आणखी एक खोड. थिनर भराभर उडताना पत्रा गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढरट धुकं चढतं. म्हणून जाणते पेंटर अशा वेळी सावकाश उडणारा थिनर वापरतात, नाहीतर सरळ उघाडीची वाट बघतात.

दुसरा पर्याय पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग. पेट्रोलला दाद देत नाही, उष्णतेतही टिकतो. इंजिनाच्या कप्प्यासाठी माझं मत पीयूच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासातून गेला तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून बंद शेडमध्ये पीयू मारणारी पोरं आपल्याकडे सर्रास दिसतात. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क मिळतो, त्याची किंमत एका चांगल्या स्प्रे गनएवढी, आणि तो घेतला जात नाही याचं कारण फक्त किंमत नाही. मालक रंगाच्या डब्याचा ब्रँड विचारतो, मास्कबद्दल कधी विचारत नाही.

गन चालवायची तीही वेगळी. दारावर रंग मारताना समोर मोकळी सपाट जागा असते. इथे सगळीकडे खोबणी. जोराची हवा सोडली की ती कोपऱ्यात आपटून उलटी फिरते, सोबत धूळ आणि अर्धवट वाळलेला रंग घेऊन येते. लहान टच-अप गन, कमी दाब, आधी खालच्या बाजू आणि कोपरे, मग उघडे भाग. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला हा रंग चालत नाही, त्याला सिलिकॉनचा उष्णतारोधक रंग लागतो. आणि चासी नंबरवर चिकटपट्टी आधी लावायची. रंगाखाली गाडलेला किंवा घासताना पुसट झालेला नंबर घेऊन आरटीओत गेलात की पुढचं सांगायला नको.

आरटीओवरून आठवलं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम केला की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळेल. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या २०२४ मध्ये या पंगतीत आल्या. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, आणि रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर काढायची नाही. दुसरं इंजिन बसवायला कापलेला एप्रन इथे नडतो.

पण मूळ रूप म्हणजे नेमकं काय? कुठल्याच कारखान्यात इंजिनाच्या कप्प्याला बाहेरच्यासारखं पॉलिश होत नव्हतं. कोपऱ्यात रंग पातळ, कुठे फवाऱ्याचा खरखरीत थर, कुठे ओघळ. आज हौशी मालकाला तोच कप्पा आरशासारखा हवा असतो, वर क्लिअर लॅकरचे दोन हात. अशी गाडी प्रदर्शनात बक्षीस घेते, पण कुर्ल्यातून ती तशी कधीच निघाली नव्हती. या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १९२०-२२ च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी लॉरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटणारे पापुद्रे त्यांनी जागच्या जागी बसवले, ते काम मोलाचं होतं. पण वर चढवलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं-काळं पडलं आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. फियाटच्या एप्रनची अजिंठ्याशी बरोबरी कोण करेल, पण जिथे मूळ रंग धड आहे तिथे तो धुवून तसाच ठेवावा आणि सडलं तेवढंच नवं करावं, हे मला पटतं. मालकाला ते पटवणं अवघड जातं. पैसे दिलेत तर नवं दिसायला हवं, हा त्याचा मुद्दाही अगदीच खोटा नाही.

रंग पुरता कडक झाल्यावरच जोडणी. ब्रेक ऑइल भरताना शेजारी पाण्याची बादली हवी. ते ग्लायकोलचं असतं, नव्या रंगावर सांडलं तर थोड्याच वेळात रंग फुगून निघतो, पण पाण्यात लगेच मिसळून जातं. सांडलं की पुसत बसायचं नाही, आधी पाणी ओतायचं.

सगळं बसलं, पेट्रोल भरलं, चावी फिरवली आणि स्टार्टर नुसता ‘टक’ करून गप्प बसला तर घाबरून पुन्हा इंजिन उतरवू नये. बॅटरीची अर्थची पट्टी नव्या रंगावरच बोल्टने आवळलेली असते आणि रंगातून वीज जात नाही. बोल्ट काढायचा, वॉशरएवढ्या जागेतला रंग उघड्या पत्र्यापर्यंत खरवडायचा, थोडं ग्रीस लावून पट्टी पुन्हा आवळायची, आणि चावी फिरवायची.