उत्रोलीचे खोपडे, कारीचे जेधे

भोरजवळच्या उत्रोलीचं नाव काढलं की इतिहासाची आवड असलेला माणूस लगेच एक नाव घेतो, आणि तेही कपाळाला आठी घालून: खंडोजी खोपडे. फितुरांच्या यादीत सूर्याजी पिसाळाच्या शेजारी बसवलेला हा उत्रोलीचा देशमुख.

देशमुख म्हणजे नुसता जमीनदार नव्हे. सारा वसूल करायचा, हाताखाली माणसं बाळगायची, बोलावणं आलं की शिबंदी घेऊन निघायचं. शिवाय वतनाचा किंवा हद्दीचा तंटा निघाला की देशपांडे, पाटील, बलुतेदार यांच्यासह गोतसभेत बसून निवाडा करायचा आणि महजरावर निशाणी करायची. तलवार आणि निवाडा एकाच घरात. अमेरिकेत डेव्ही क्रॉकेट असाच: १८१३ साली क्रीक युद्धात शिपाई, १८२१ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळात, पुढे काँग्रेसमध्ये. १८३५ ची निवडणूक हरला, टेक्सासला गेला आणि १८३६ मध्ये अलामोच्या लढाईत मेला. फरक एवढाच, की त्याला निवडणूक हरता आली. आपल्याकडे देशमुखी पिढीजात, म्हणून भाऊबंदकीही पिढीजात.

१६५९ मध्ये अफजलखान निघाला, तेव्हा आदिलशाहीने मावळच्या देशमुखांना त्याच्याकडे हजर व्हायला फर्मावलं. कारीच्या कान्होजी जेध्यांना आलेलं फर्मान १६ जूनचं आहे. ते घेऊन कान्होजी पाच मुलांसह राजगडावर गेले आणि शिवाजी महाराजांसमोर त्यांनी वतनावर पाणी सोडलं. खंडोजी मात्र खानाला मिळाला. कागदावर पाहिलं तर हुकूम पाळला खंडोजीने, मोडला कान्होजींनी! वतनाचा धनी विजापूरचा बादशहा होता. धन्याच्या बाजूला उभं राहणं त्या काळी गुन्हा नव्हता. पण महाराज नवी व्यवस्था उभी करत होते, तिच्यात ही वतननिष्ठा बसत नव्हती.

१० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान पडला आणि खंडोजी उघडा पडला. त्याच्या जिवासाठी रदबदली केली ती कान्होजींनीच. खोऱ्यातला शेजारधर्म राजकारणापेक्षा चिवट, असं मला इथे वाटतं. महाराजांनी कान्होजींना दिलेल्या शब्दाप्रमाणे जीव घेतला नाही. एक हात आणि एक पाय तोडायला लावला. शब्दही राहिला, शिक्षाही झाली. कान्होजींना ते रुचलं नाही, अशी हकिकत आहे. ही हकिकत जपली जेध्यांच्या घराने, त्यांच्या करीन्यात.