पोटाचा जमाखर्च

आमच्या गावात माणूस जाड झाला की लोक म्हणतात, "तब्येत सुधारली." आम्ही शाळेतून निवृत्त झालो आणि दोन वर्षांत आमचीही तब्येत अशीच सुधारली. नोकरीत होतो तेव्हा रोज सहा किलोमीटर सायकलने जायचे आणि सहा किलोमीटर यायचे. पुढे सायकल पडवीत उभी राहिली. भाकऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या. वजन ६८ किलोचे ८१ किलो झाले. सदऱ्याच्या गुंड्या लागेनात, तेही आम्ही हसण्यावारी नेले.

मग गुडघे दुखू लागले. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि म्हणाल्या, "गुरुजी, साखर अजून उंबऱ्यावर आहे. घरात घ्यायची की नाही, ते तुम्हीच ठरवा." आमच्या थोरल्या भावाच्या पायाचे बोट याच दुखण्यात काढावे लागले होते. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

बाईंनी सांगितले, "जे खाल ते वहीत लिहा आणि कॅलरी मोजा." चाळीस वर्षे आम्ही फळ्यावर जमाखर्चाची गणिते घातली. स्वतःच्या पोटाचे गणित कधी मांडले नव्हते.

आता कॅलरी म्हणजे काय? चुलीत लाकूड जळते, त्यातून उष्णता मिळते. अन्नही शरीरात एक प्रकारे जळते, फक्त जाळ दिसत नाही. ही उष्णता मोजण्याचे माप म्हणजे कॅलरी. एक किलो पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती आहाराच्या हिशोबातली एक कॅलरी. धान्यातल्या पिठूळ भागाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी. डाळी-दुधातल्या प्रथिनांच्या एका ग्रॅमलाही ४. तेला-तुपाच्या ग्रॅमला मात्र ९! अमेरिकेतल्या ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे आकडे ठरवले. त्यासाठी त्याने माणसांना काही दिवस एका बंद खोलीत ठेवून त्यांच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली होती.

खाणे ही जमा. काम, चालणे, एवढेच काय, श्वास घेणे आणि झोपणे हासुद्धा खर्च. जमा जास्त झाली की शिल्लक उरते आणि ती चरबी होऊन पोटावर बसते. इतर वह्यांत शिल्लक वाढली की आनंद होतो, या वहीत उलटे आहे.

पहिला आठवडा आम्ही खाण्यात काही बदल केला नाही. फक्त लिहिले. भाकरी थापण्याआधी घरच्यांनी पीठ तोलून दिले. एका भाकरीला ८० ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते असे दिसले. शंभर ग्रॅम पिठाला सुमारे ३५० कॅलरी, म्हणजे भाकरीला २८०. यात आम्हांला नवल वाटले नाही. नवल वाटले ते चहाचे. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे ४० कॅलरी. दुधाच्या साधारण ३५. झाल्या ७५. आम्ही दिवसाला सहा कप घ्यायचो. बेरीज ४५०! आम्ही रोज दीड भाकरीपेक्षा जास्त नुसती पीत होतो, आणि वर म्हणत होतो, "हल्ली जेवण काही जात नाही."

तेलाचा हिशोब कसा करायचा, ते प्रथम कळेना. फोडणीतले तेल कोण मोजणार? मग युक्ती सुचली. घरात महिन्याला चार किलो तेल येते आणि खाणारी माणसे चार. म्हणजे माणशी एक किलो. एक हजार ग्रॅमला तीस दिवसांनी भागा. रोजचे ३३ ग्रॅम आले. त्याला नवाने गुणा. जवळजवळ ३०० कॅलरी. तुम्हीही हे गणित आपल्या घरी करून पाहा. पाटी-पेन्सिल पुरे.

आणखी एक फजिती सांगतो. एकादशीला आम्ही वहीत "उपवास" एवढेच लिहिले होते. सौभाग्यवतींनी विचारले, "आणि खिचडी कोणी खाल्ली?" साबुदाण्याच्या शंभर ग्रॅमला सुमारे ३५०, शेंगदाण्यांच्या शंभर ग्रॅमला ५५० च्या वर, शिवाय तूप. एकादशी दुप्पट खाशी हे लोक उगीच म्हणत नाहीत.

सात दिवसांची बेरीज १६,१०० आली. सातांनी भागले, रोजच्या २,३०० झाल्या. वजन तेव्हा एका जागी थांबले होते, म्हणजे खर्चही तेवढाच असणार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या आकड्यांप्रमाणे ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या तरुण पुरुषाला रोज सुमारे २,१०० कॅलरी पुरतात. कष्टाचे काम करणाऱ्याला मात्र ३,४७० लागतात. ५५ किलोच्या बाईला बैठ्या कामात १,६६० आणि कष्टाच्या कामात २,७२०. म्हणून दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईने आमच्यासारख्या ओसरीवर बसणाऱ्याचे पाहून आपली भाकरी कमी करू नये.

आकडा कळला आणि आम्ही घाई केली. एकदम ९०० कॅलरींवर आलो. पाच दिवस नेटाने काढले. चक्कर येई, घरात सगळ्यांवर चिडायचो. सहाव्या दिवशी एका बारशाला गेलो आणि शिऱ्याचे अर्धे पातेले आम्हीच संपवले म्हणा ना!

असे का होते, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली पाहिले गेले. अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले. पण त्यांना सारखी थंडी वाजे, काम नको वाटे, आणि डोक्यात चोवीस तास अन्नाचाच विचार. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. दुष्काळात शहाणा शेतकरी खर्च आवरतो, तसे त्यांच्या शरीरांनी आपला खर्च आवरला होता. नुसती चरबीच नव्हे, तर अंगातले मांसही झडले होते.

डॉक्टरीणबाईंना आमचा प्रताप सांगितला. त्यांनी वही पुढे ओढली आणि म्हणाल्या, "रोजचा नाही, आठवड्याचा हिशोब धरा." रोजच्या १,८००, म्हणजे आठवड्याच्या १२,६००. आता आमच्याकडे गुरुवारी बाजार असतो, तिथे भजी-जिलबीचा वास सुटतो. रविवारी मुलगी-जावई येतात. या दोन दिवसांना २,२०० प्रमाणे ४,४०० बाजूला काढल्या. उरल्या ८,२००. त्या पाच दिवसांत वाटल्या, रोज १,६४० आल्या. म्हणजे एक भाकरी कमी, चहा दोनच कप, तेही एक चमचा साखरेचे. डाळ, ताक आणि पालेभाजी आम्ही कमी केली नाही, उलट वाढवली. ताटही भरलेले दिसते आणि पोटही.

असे कमीजास्त खाल्ले की शरीर फसते आणि चरबी भराभर जळते, असे काहीजण सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही. वजन उतरते ते आठवड्याच्या बेरजेमुळे. फायदा आहे तो मनाचा. सोमवारी भूक लागली तरी गुरुवार दिसत असतो.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. त्या हिशोबाने आमचे आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरायला हवे होते. कागदावर. प्रत्यक्षात पाच महिन्यांत सहा किलो उतरले. अंग हलके झाले की त्याचा खर्चही कमी होतो. शिवाय वजन रोज पाहू नये. पापड-लोणचे जास्त झाले की अंगात पाणी राहते आणि काटा एका रात्रीत किलोभर वर जातो. ती चरबी नव्हे. आम्ही दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी, उपकेंद्रातल्या एकाच काट्यावर वजन करतो. काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली, तर दवाखान्यात जाऊन यावे.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा सुई चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणे कमी करू नये. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी आणि मुळातच किडकिडीत असलेल्यांनी ही वही उघडूच नये.

सायकलला आम्ही नवीन ट्यूब घातली आहे. परवा होळी आहे. वहीत त्या दिवसापुढे २,४०० कॅलरी लिहून ठेवल्या आहेत आणि त्यासाठी बुधवारचा चहा बंद केला आहे. पुरणाच्या पोळीवर तुपाची धार किती, यावर मात्र घरात अजून एकमत झालेले नाही.