पाण्याकांठचा अर्धा तास

गतवर्षीं परीक्षेच्या ऐन दिवसांत एके सायंकाळीं वसतिगृहांतील एक विद्यार्थी अभ्यासाच्या वेळीं आपल्या जागीं दिसेना. शोध करितां तो शाळेमागील तळ्याच्या बंधाऱ्यावर स्वस्थ बसलेला आढळला. हातांत पुस्तक नव्हतें. वेळ फुकट दवडल्याबद्दल आम्ही त्यास रागें भरलों. खालीं मान घालून तो एवढेंच म्हणाला, "सर, डोकें अगदीं भरून गेलें होतें. येथें जरा हलकें वाटतें." हें उत्तर आमच्या मनांतून जाईना. पाण्याजवळ मन हलकें होतें हा निव्वळ भास, कीं त्यास कांहीं आधार आहे? या प्रश्नाचा विचार करितां जें उमगलें, तें विद्यार्थिमित्रांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

पाण्याकांठीं आरोग्य शोधण्याची कल्पना नवी नव्हे. १७५० सालीं इंग्लंडांतील डॉ. रिचर्ड रसेल यांनीं ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा एक लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला, आणि पुढें ब्रायटनच्या किनाऱ्यावर श्रीमंतांची रीघ लागली. परंतु गरिबानें कोठें जावें? हा प्रश्न लंडनचे डॉ. जॉन कोकली लेट्सम यांनीं मनावर घेतला. वारशानें मिळालेल्या गुलामांस मुक्त करणारे हे क्वेकर पंथाचे गृहस्थ होत. त्यांच्या पुढाकारानें १७९१ सालीं मार्गेट येथें, गंडमाळेनें पीडलेल्या गरीब रोग्यांकरितां, समुद्रकांठच्या रुग्णालयाची स्थापना झाली. १७९६ सालीं तें सुरू झालें, आणि १९९६ मध्यें बंद होईपर्यंत दोनशें वर्षें चाललें. गंडमाळ हा बहुधा मानेच्या गांठींचा क्षय असतो, क्षयाचें कारण जंतु होत, आणि तो समुद्रस्नानानें जात नाहीं, औषधानेंच जातो, हें आज आपणांस ठाऊक आहे. तरीपण त्या चुकीच्या समजुतीच्या पोटांत एक खरी गोष्ट दडलेली होती.

ती कोणती, हें अलीकडील संशोधनावरून दिसूं लागलें आहे. इंग्लंडच्या २००१ सालच्या जनगणनेंत लोकांस स्वतःच्या प्रकृतीविषयीं विचारण्यांत आलें होतें. त्या उत्तरांचा अभ्यास २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. समुद्राजवळच्या वस्त्यांत आपली प्रकृति चांगली असल्याचें सांगणाऱ्यांचें प्रमाण थोडेसें अधिक आढळलें. फरक लहान होता, पण गरीब वस्त्यांत तो अधिक स्पष्ट होता. एवढ्यावरून पाणी हेंच त्याचें कारण, असें मात्र ठरत नाहीं. म्हणून प्रत्यक्ष प्रयोगाकडे पाहावें लागतें. स्पेनमधील बार्सिलोना शहरीं ५९ निरोगी माणसांस निरनिराळ्या आठवड्यांत रोज २० मिनिटें कधीं समुद्रकिनाऱ्यानें, कधीं शहरांतील रस्त्यांनीं चालावयास सांगितलें, तर कधीं घरांत विसांवा घ्यावयास लाविलें. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, कीं किनाऱ्यावरील फेरीनंतर त्यांची मनःस्थिति अधिक प्रसन्न होती. हृदय व रक्ताभिसरण यांवर मात्र तसा लाभ दिसून आला नाहीं. म्हणजे पाण्याचा कांठ हें औषध नव्हे. तो मनाचा विसांवा आहे.

हा विसांवा कसा मिळतो? पहिलें कारण हवेचें. पाणी तापण्यास जमिनीपेक्षां अधिक उष्णता लागते. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा वर चढते, आणि पाण्यावरील गार हवा तिची जागा घेते. कोंकणांत दुपारीं सुटणारा खारा वारा तो हाच. दुसरें कारण असें, कीं पाणी दिसलें कीं पाय आपोआप कांठानें चालूं लागतात व शरीरास हालचाल घडते. तिसरें कारण अवधानाचें. रेचल व स्टीफन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्यानें १९८९ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें, कीं गणित सोडवितांना आपण जें लक्ष बळेंच एकाग्र करितों, तें स्नायूंसारखें थकतें. पाण्यावरचे तरंग, पानांची सळसळ, आकाशांतील ढग अशा गोष्टी लक्ष वेधतात, पण त्यास राबवीत नाहींत; आणि तेवढ्या अवधींत थकलेली शक्ति परत येते. आमच्या विद्यार्थ्याचें "भरून गेलेलें डोकें" तें हेंच.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. आमच्या वसतिगृहांतील पुष्कळ मुलें कोरडवाहू गांवांतून येतात. त्यांच्या माउल्यांस उन्हाळ्यांत डोक्यावर हंडा घेऊन दूरवर जावें लागतें. त्यांच्या लेखीं पाणी म्हणजे विसांवा नव्हे, श्रम होय. ज्या घरची हंड्याची चिंता मिटली नाहीं, त्या घरास पाण्याकांठच्या शांतीचा उपदेश करणें ही क्रूर थट्टा ठरेल. आधीं घरांत पाणी, मग मनास पाणवठा. त्याचप्रमाणें, श्रीमंतास दूरच्या किनाऱ्यावर जातां येतें. गरिबाचा किनारा म्हणजे गांवचें तळें व नदीचा घाट. पुण्याच्या मुळा-मुठेंत सांडपाणी मिसळतें, गांवोगांवच्या ओढ्यांत कचरा पडतो, तेव्हां केवळ पाणीच नासतें असें नाहीं, तर ज्याच्याजवळ दुसरें कांहीं नाहीं त्याचा विसांवाही नासतो. लेट्सम यांचा प्रश्न अशा रीतीनें आजही आपल्या दारीं उभा आहे.

विद्यार्थिमित्रहो, पाण्याकांठीं जावें, पण एकट्यानें जाऊं नये. खोली ठाऊक नसलेल्या पाण्यांत उतरूं नये. पावसाळ्यांत ओढ्यानदीचें पाणी पाहतां पाहतां चढतें, त्या दिवसांत दूरच राहावें. आणि तेथें बसतांना मोबाईल घरीं ठेवावा. नाहीं तर कांठ पाण्याचा, पण लक्ष मात्र बाजारांत, अशी गत व्हावयाची.

यंदा परीक्षेच्या दिवसांत आम्ही मुलांस घेऊन रोज सायंकाळीं अर्धा तास त्या बंधाऱ्यावर जात होतों, आणि दर शनिवारीं मुलें तेथील कचरा वेंचीत होतीं. त्या सायंकाळीं आम्ही रागानें बोललों ते शब्द त्या विद्यार्थ्याजवळ आम्हीं परत घेतले आहेत.