अँटेना गेला, छत्री आली. पण चित्र का अडकतं?

गावाकडं अजून काही घरांवर जुना ॲल्युमिनियमचा अँटेना दिसतो. त्याला आता कितीही फिरवलं तरी उपयोग नाही. दूरदर्शनची जमिनीवरची ॲनालॉग सहक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्यानं बंद झाली. मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणची थोडी सोडली तर बाकी सगळी थांबली. मासिक पैसे न भरता टीव्ही बघायचा तर खेड्यात डीडी फ्री डिश हाच सोपा मार्ग. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं.

जुन्या टीव्हीत सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण बातम्या तरी ऐकू यायच्या. डिजिटलचं तसं नाही. सिग्नल ठरावीक हद्दीच्या वर असेल तोवर चित्र काचेसारखं, आणि त्याच्या खाली गेला की आधी चौकोन पडतात, मग पडदा काळा. म्हणून आज चित्र चांगलं दिसतंय म्हणजे छत्री नीट लागली, असं समजू नका. काठावर लागलेली छत्री पहिल्या जोरदार पावसात दगा देते.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. आपल्याकडून तो आग्नेय दिशेला येतो. मोबाईलच्या होकायंत्रात कोकणात साधारण १३०, मराठवाड्यात १३५ च्या आसपास, विदर्भात १४५ च्या जवळ आकडा धरा. होकायंत्र पत्र्यापासून आणि छत्रीपासून चार पावलं लांब जाऊन बघा, लोखंडाजवळ ते खोटं दाखवतं.

उंचीच्या बाबतीत बरेच जण फसतात. छत्री बरीच उभी दिसते, त्यामुळं ती समोरच्या डोंगराकडं बघतेय असं वाटतं. खरं तर सिग्नल सुमारे ६० अंशांवरून, म्हणजे चांगलाच वरून येतो आणि तिरका होऊन दांडीवरच्या एलएनबीत पडतो. त्यामुळं लांबच्या झाडाची काळजी नको. छत्रीपेक्षा १७ फूट उंच लिंब आग्नेयेला १० फुटांच्या आत असेल तर मात्र तो आडवा येणारच. दोन वर्षांत फांद्या वाढतात आणि लोक बॉक्सला दोष देतात.

जुळवताना एक जण छतावर, एक टीव्हीसमोर. बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात. 'स्ट्रेंथ'कडं बघू नका, ती चुकीच्या दिशेलाही भरलेली दिसते. 'क्वालिटी'ची पट्टी जास्तीत जास्त वर जाईल तिथं थांबा. छत्री एकदम ओढू नका. कडेला बोटभर सरकली तरी उपग्रह निसटतो. नट आवळतानाही पट्टीवर लक्ष ठेवा, कारण आवळतानाच ती हलते. वानरं येत असतील तर खांब सिमेंटमध्ये पक्का करा.

वायरीच्या पिनेत पाणी शिरणं हा नेहमीचा रोग. पिनेला चांगली टेप गुंडाळा आणि वायर खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकतं.

चित्र चांगलं आहे पण एखादं चॅनेल गायब झालं, तर छत्रीला हात लावू नका. खासगी चॅनेलच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळं यादी बदलते. ऑटो स्कॅन करून बघा. काही चॅनेल फक्त एमपीईजी-४ बॉक्सवरच दिसतात, जुन्या बॉक्सवर नाही. 'फ्री डिशचा रिचार्ज करून देतो' म्हणत कोणी पैसे मागितले तर देऊ नका. या सेवेला रिचार्ज नसतोच.