नऊ प्रकृतींचें चक्र आणि राजकीय पुरुषांचें चरित्र

कांहीं महिन्यांपूर्वीं या त्रैमासिकाकडे एक निबंध छापण्यासाठीं आला. त्यांत उत्तर पेशवाईंतील मुत्सद्द्यांचे स्वभाव ‘एनिअग्राम’ नांवाच्या नऊ प्रकृतींच्या पद्धतीनें ठरविले होते. नाना फडणीस सहाव्या प्रकृतीचे, महादजी शिंदे आठव्या, रघुनाथराव तिसऱ्या, अशी वांटणी करून प्रत्येकाच्या कृत्यांचा उलगडा त्या त्या आंकड्यावरून केला होता. लेखक तरुण, अभ्यासू व मोडी वाचणारे आहेत. त्यामुळें दोन ओळींच्या नकारासह निबंध परत पाठविणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. परंतु वाचतां वाचतां एक गोष्ट ध्यानांत आली. नानांचीं जीं पत्रें सहाव्या प्रकृतीशीं जुळतात तेवढींच निबंधांत घेतलीं होतीं. जीं जुळत नाहींत तीं गाळलीं होतीं, आणि गाळल्याचा उल्लेखही नव्हता. हें लबाडीनें झालें असें आम्हांस वाटत नाहीं. आंकडा एकदां मनांत बसला म्हणजे हात आपोआप सोयीच्या कागदाकडे जातो. म्हणून ही पद्धति काय आहे, कोठून आली, आणि राजकीय पुरुषाच्या चरित्रास ती लाविली असतां काय होतें, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एनिअग्राम म्हणजे एक वर्तुळ व त्याच्या परिघावरील नऊ बिंदु. तीन, सहा व नऊ हे बिंदु जोडून त्रिकोण होतो. उरलेले सहा एक, चार, दोन, आठ, पांच, सात या क्रमानें रेषांनीं जोडलेले असतात. हा क्रम कोणी उगीच घेतलेला नाहीं. एकास सातांनीं भागिलें असतां १४२८५७ हेच अंक पुनःपुन्हां येत राहतात, त्यांवरून तो घेतला आहे. प्रत्येक बिंदु म्हणजे मनुष्याची एक प्रकृति. पहिला दोष न खपणारा सुधारक; दुसरा लोकांच्या उपयोगी पडून त्यांचें प्रेम मिळवूं पाहणारा; तिसरा यशाचा भुकेला; चौथा आपण इतरांहून वेगळे आहों या जाणिवेंत रमणारा; पांचवा अलिप्त राहून निरीक्षण करणारा; सहावा धोक्याची चाहूल घेत आधार शोधणारा; सातवा नव्या नव्या सुखाकडे धांवणारा; आठवा कोणाचा ताबा सहन न करणारा; आणि नववा तंटा टाळून शांतता राखणारा. मनुष्य काय करतो यावरून नव्हे, तर तो कोणत्या भयानें वा इच्छेनें तें करतो यावरून त्याची प्रकृति ठरते, असा या मताच्या आचार्यांचा कटाक्ष आहे. हा कटाक्ष वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ही विद्या सूफी संप्रदायाची व अतिप्राचीन, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. जुन्या कागदावांचून जुनेपणा मान्य करण्याची आमची रीत नाहीं, आणि या नऊ स्वभावांचें वर्णन करणारा कोणताही प्राचीन सूफी ग्रंथ आजवर पुढें आलेला नाहीं. कागदांवरून दिसतें तें असें. ही आकृति जॉर्ज गुर्जिएफ यांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत रशियांत आपल्या शिष्यांस शिकविली, आणि त्यांपैकीं उस्पेन्स्की यांच्या १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत ती छापून आली. गुर्जिएफ तिला सृष्टींतील घडामोडींचें सूत्र मानीत. मनुष्यस्वभावाच्या नऊ जातींचा तेथें पत्ता नाहीं. ती जोड दिली बोलिव्हियांत जन्मलेल्या ऑस्कर इचाझो यांनीं. १९७० सालीं चिली देशांतील आरिका या गांवीं त्यांच्याकडे जी शिष्यमंडळी जमली तींत क्लाउडिओ नारांहो नांवाचे चिलीचे मनोवैद्य होते. त्यांनीं ही विद्या कॅलिफोर्नियांत नेली, तेथून ती टिपणांच्या नकलांच्या रूपानें हातोहात पसरली, आणि १९८७ सालीं डॉन रिसो यांचा व १९८८ सालीं हेलन पामर यांचा ग्रंथ निघून ती सर्वतोमुखी झाली. म्हणजे ज्या विद्येच्या आधारें नाना फडणिसांचें अंतरंग उकलावयाचें ती आमच्या कित्येक वाचकांहून वयानें लहान आहे. वय लहान म्हणून ती खोटी ठरत नाहीं. परंतु प्राचीनतेच्या जोरावर मान मागण्याचा हक्क तिला राहत नाहीं.

पामर यांच्या ग्रंथावर इचाझो यांच्या संस्थेनें लेखनहक्काचा दावा लाविला होता. त्यावर अमेरिकेच्या अपील न्यायालयानें १९९२ सालीं दिलेला निर्णय मौजेचा आहे. आपण मनुष्यस्वभावांतील सत्यें शोधून काढलीं, असें इचाझो सांगत आले होते. न्यायालय म्हणालें, सत्य गोष्टीवर कोणाची मालकी नसते. तुम्ही यांस सत्य म्हणतां, तर आतां हीं आमच्या कल्पनेचीं अपत्यें आहेत असें म्हणण्यास तुम्हांस वाव नाहीं. तीं खरोखर सत्य आहेत कीं नाहींत हें न्यायालयानें तपासलें नाहीं, व तें त्याचें कामही नव्हतें. तें काम मानसशास्त्रज्ञांचें. त्यांनीं केलेल्या परीक्षणांचा एकत्र आढावा २०२१ सालीं निघाला आणि त्याचा निष्कर्ष संमिश्र आहे: कांहीं गोष्टींना दुजोरा मिळतो, कांहींना मिळत नाहीं.

मनुष्यांची वर्गवारी करण्याची हौस आपणांसही नवी नाहीं. उत्तर पेशवाईंतले साडेतीन शहाणे कोणास ठाऊक नाहींत? सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर व देवाजीपंत चोरघडे हे पूर्ण, आणि नाना फडणीस अर्धे. पूर्ण शहाण्यांपैकीं विठ्ठल सुंदर १७६३ सालीं राक्षसभुवनच्या रणांत पडले, आणि अर्ध्या शहाण्यानें पुढें वर्षानुवर्षें राज्याचा गाडा हांकिला. लोकांनीं केलेली ही मोजदाद गोड आहे; पण तिच्यावरून नानांच्या एखाद्या पत्राचा अर्थ लावावा असें आजवर कोणी सुचविलें नाहीं.

असो. पद्धतीची परीक्षा करावयाची तर जेथें साधनें विपुल आहेत असें उदाहरण घेतलें पाहिजे. अमेरिकेचे सदतिसावे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याइतकीं साधनें क्वचितच कोणा राज्यकर्त्यानें मागें ठेविलीं असतील. फेब्रुवारी १९७१ पासून जुलै १९७३ पर्यंत त्यांच्या कार्यालयांतील संभाषणें यंत्रानें टिपलीं जात होतीं. तीं सुमारें ३,७०० तासांचीं भरतात. प्रकृतिवादी मंडळी निक्सन यांस बहुधा सहावा आंकडा देतात, आणि त्यास पोषक अशा गोष्टी पुष्कळ आहेत. दोन भाऊ, एक १९२५ सालीं व एक १९३३ सालीं, दगावले. १९६० च्या निवडणुकींत थोडक्यांत पराभव झाला. सत्ता हातीं आल्यावर कचेरींत शत्रूंच्या याद्या झाल्या. सदा धोक्याची चाहूल घेणारा मनुष्य! वर्णन बसतें, यांत शंका नाहीं.

तें फारच सहज बसतें, हीच अडचण आहे. सहाव्या प्रकृतीचे दोन पोटभेद मानलेले आहेत: भीतीनें मागें सरणारा, व भीति वाटते म्हणूनच तिच्यावर चाल करून जाणारा. ३० एप्रिल १९७० रोजीं निक्सन यांनीं कंबोडियांत फौजा घातल्याचें जाहीर केलें. ९ मेच्या पहांटे तेच निक्सन थोडक्या पहारेकऱ्यांसह लिंकन स्मारकापाशीं जाऊन युद्धविरोधी विद्यार्थ्यांशीं बोलत उभे राहिले. पहिलें कृत्यही सहाव्याचें, दुसरेंही सहाव्याचें. ते घरींच बसले असते तरी सहाव्याचेंच झालें असतें. शिवाय प्रत्येक बिंदूस शेजारचे दोन बिंदु ‘पंख’ म्हणून लागतात, आणि रेषांनीं जोडलेल्या दोन बिंदूंकडे मनुष्य सुखांत व संकटांत झुकतो असें मानतात. सहाव्याचे पंख पांच व सात, आणि रेषा तीन व नऊ यांकडे जातात. म्हणजे नवांपैकीं पांच बिंदु एकट्या निक्सन यांच्या वांट्यास आले. हाच हिशेब कोणत्याही आंकड्यास करून पाहावा, उत्तर पांचच येतें. गांधीजींस कोणी पहिल्या प्रकृतींत घालतात, कोणी नवव्या. आणि एक व नऊ शेजारी असल्यानें दोघांसही आपला पक्ष सोडावा लागत नाहीं.

ध्वनिमुद्रणाचेंच पाहा. अविश्वासी मनुष्यच आपल्या भिंतींना कान लावील, हा तर्क सुचणें स्वाभाविक आहे. परंतु निक्सन यांच्या पूर्वीं केनेडी व जॉन्सन हे दोघेही संभाषणें टिपून घेत, आणि त्यांस सहावा आंकडा सहसा कोणी देत नाहीं. इतकेंच नव्हे, जॉन्सन यांनीं बसविलेलीं यंत्रें निक्सन यांनीं अधिकारावर येतांच काढून टाकविलीं होतीं; आपलीं बसविलीं तीं दोन वर्षांनीं. स्वभाव तर १९६९ सालींही तोच होता.

आतां ज्या प्रकरणाचा आपल्या देशाशीं संबंध आला तें घेऊं. २५ मार्च १९७१ रोजीं पूर्व पाकिस्तानांत लष्करानें कत्तल आरंभिली. ६ एप्रिल रोजीं ढाक्यांतील अमेरिकन वकिलातीच्या अधिकाऱ्यांनीं आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध तारेनें कळविला. तरीही निक्सन यांनीं याह्याखानांची बाजू सोडिली नाहीं. २००५ सालीं अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यानें प्रसिद्ध केलेल्या संभाषणांत निक्सन व किसिंजर हे इंदिरा गांधींविषयीं व एकंदर भारतीयांविषयीं जी भाषा वापरतात ती या पानांवर देण्याजोगी नाहीं. प्रकृतिवादी इंदिराबाईंस आठवा आंकडा देतात. मग काय! संशयी सहाव्यास निर्भय आठवी सहन झाली नाहीं, आणि त्या द्वेषापायीं बंगालकडे पाठ फिरविली गेली, असा उलगडा तयार होतो. वाचावयास तो सुबकही आहे.

परंतु कागद तारीखवार लावून पाहावे. चीनशीं संधान बांधावें हा विचार निक्सन यांनीं ऑक्टोबर १९६७ मध्यें, म्हणजे अध्यक्ष होण्यापूर्वींच, छापील लेखांत मांडला होता. १९७० पासून त्यांचे गुप्त निरोप याह्याखानांच्या मार्फत पेकिंगला जात होते. २७ एप्रिल १९७१ रोजीं चौ एन-लाय यांचा अनुकूल जबाब पाकिस्तानी वकिलानें वॉशिंग्टनांत आणून दिला. दुसऱ्याच दिवशींच्या तारखेचें किसिंजर यांचें पाकिस्तानविषयक टिपण उपलब्ध आहे, आणि त्यावर या वेळीं याह्याखानांवर दडपण आणूं नये असा निक्सन यांचा स्वहस्ताक्षरांतील शेरा आहे. त्यांतील नकारार्थी शब्दाखालीं तीन रेघा ओढल्या आहेत. जुलैच्या ९ तारखेस किसिंजर पाकिस्तानांतून गुप्तपणें पेकिंगला गेले, व १५ जुलैस निक्सन यांनीं स्वतःच्या चीनभेटीचा बेत जगास सांगितला. एप्रिलच्या मौनामागील कारण या तारखांत स्पष्ट उभें राहतें. तें स्वभावाचें नाहीं, राज्यकारणाचें आहे. आणि ज्या लाखों लोकांनीं त्याची किंमत दिली त्यांच्या वतीनें विचारावयाचा जाब याच कारणाला विचारला पाहिजे. हें सर्व ‘सहावा’ या एका शब्दाखालीं झांकलें म्हणजे जबाबदारी मनुष्याच्या हातून निसटून त्याच्या जन्मजात घडणीवर जाते. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

तथापि स्वभावाचा प्रश्न यानें मिटतो असें नाहीं. १५ जुलैनंतर याह्याखानांच्या मध्यस्थीचें काम संपलें होतें. तरी डिसेंबरांत, युद्ध निकालास येत असतां, ‘एंटरप्राइज’ हें विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे धाडण्यांत आलें. आपण मित्रास सोडलें असें चीनला वाटूं नये व रशियास चढ येऊं नये, हें कारण त्या दिवसांच्या संभाषणांत वारंवार येतें. त्याच संभाषणांत चीडही आहे. दोहोंचा वांटा किती, हें निक्सन यांचे शब्द ओळीनें वाचून ठरवावें लागेल. आंकडा येथें फार तर प्रश्न सुचवितो. उत्तर त्याच्यापाशीं नाहीं, कारण तो हेतूवर बसविलेला आहे आणि कागदांत आढळते ती कृति व उक्ति. हेतु आधीं कागदांवरून सिद्ध करावा, तर मग आंकड्याची गरज काय उरली?

दुसऱ्याचें अंतरंग परभारें ठरविण्याचा हा उद्योग नेहमींच निरुपद्रवी राहत नाहीं. १९६४ च्या निवडणुकींत एका अमेरिकन नियतकालिकानें १२,३५६ मनोवैद्यांस पत्रें धाडून उमेदवार गोल्डवॉटर हे मानसिक दृष्ट्या अध्यक्षपदास लायक आहेत काय, असें विचारिलें. २,४१७ उत्तरें आलीं. त्यांपैकीं १,१८९ जणांनीं ‘नाहींत’ असें कळविलें. गोल्डवॉटर यांनीं अब्रुनुकसानीचा दावा जिंकला, आणि ज्याची तपासणी केली नाहीं त्याच्या मनाचें निदान जाहीर करूं नये असा नियम १९७३ सालीं अमेरिकन मनोवैद्यांच्या संस्थेनें केला. निक्सन यांच्या कारकीर्दींत तर याहून पुढची मजल गेली. व्हिएटनामचे गुप्त कागद फोडणाऱ्या एल्सबर्ग यांचें मानसिक चित्र सरकारच्या हेरखात्याकडून तयार करविलें गेलें, आणि सप्टेंबर १९७१ मध्यें त्यांच्या मनोवैद्याचें दप्तर मिळविण्यासाठीं अध्यक्षांच्या कचेरीच्या माणसांनीं घरफोडी करविली. एल्सबर्ग यांच्यावरील खटला १९७३ सालीं काढून टाकण्यांत आला त्यास हीही गोष्ट कारण झाली.

एक अपवाद न्यायबुद्धीनें सांगितला पाहिजे. जेम्स डेव्हिड बार्बर या राज्यशास्त्राच्या अध्यापकांनीं १९७२ सालीं अध्यक्षांचे चारच प्रकार कल्पून एक ग्रंथ लिहिला, आणि निक्सन हे हट्टास पेटून स्वतःचा घात करून घेणाऱ्यांपैकीं आहेत असा इशारा दिला. वॉटरगेटचें प्रकरण त्यानंतर बाहेर पडलें. बार्बर यांच्या वर्गवारीवर पुढें बरेच आक्षेप आले, तरी त्यांनीं आपलें मत खोटें ठरण्याचा धोका पत्करिला होता. वर सांगितलेले नवप्रकृतींचे दोन्ही ग्रंथ निक्सन यांनीं राजीनामा दिल्यावर बारा-चौदा वर्षांनीं निघाले.

आमच्या तरुण लेखकांस आम्हीं निबंध परत केला तो एवढ्याच विनंतीसह कीं, नानांचीं उपलब्ध पत्रें, जुळणारीं व न जुळणारीं, आधीं तारीखवार लावावीं आणि आंकडा शेवटच्या पानापर्यंत लिहूं नये. त्यांचें उत्तर थोडें रागाचें आलें; पण दोन महिन्यांनीं दुसरें पत्र आलें, त्यांत यादीचें काम सुरू केल्याचें कळविलें आहे. यादी पुरी झाली म्हणजे, आंकडा राहो वा जावो, ती या त्रैमासिकांत छापण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.