वायफाय लागत नाही? आधी कार्डाचं नाव विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार काढून घेतला. विंडोज ११च्या अटींत न बसणारे, पण एरवी धडधाकट असलेले लॅपटॉप भंगारात घालण्याऐवजी अनेकांनी त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू चढवलं. चांगलंच केलं. तासाभरात काम होतं. कीबोर्ड, आवाज, कॅमेरा सगळं जागच्या जागी असतं. फक्त कोपऱ्यात जिथे वायफायचं चिन्ह दिसायला हवं तिथे काहीच नसतं. किंवा ते दिसतं, जोडलंही जातं आणि दहा मिनिटांनी सुटतं. मग कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या भाच्याला फोन जातो. भाचा कुठूनतरी चार कमांड उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतो, मामा त्या अर्थ न कळता टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

मुळात ‘नेट चालत नाही’ ही एक तक्रार नाहीच. कधी लॅपटॉपला स्वतःचं वायफाय कार्डच ओळखू येत नाही. कधी ओळखू येतं, पण ते बंद असतं. कधी चालू असूनही राउटर त्याला दाद देत नाही. आणि कधी राउटरपर्यंत सगळं ठीक असतं, पलीकडे इंटरनेट नसतं. नळ कोरडा असला की प्लंबर आधी टाकी बघतो, मग कॉक, मग नळाची जाळी. आल्या आल्या नळ बदलत नाही. इथेही काय करायचं यापेक्षा कुठे अडलंय हे आधी शोधावं लागतं, आणि त्याला फार तर पंधरा मिनिटं लागतात.

त्याआधी एक सोय करून घ्या. दुरुस्तीसाठी काही डाउनलोड करायचं तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेटच तर नाही! अशा वेळी अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. लिनक्स फोनला तारेचं नेटवर्क समजतं आणि वेगळा ड्रायव्हर न मागता कामाला लागतं. केबल मात्र डेटा वाहून नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलने हे होत नाही.

आता टर्मिनल उघडा. त्याची धास्ती असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत, तेवढे ऐका. पुढच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, तुम्ही त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या. पहिली आहे ‘एलएसपीसीआय’, मग एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ‘एनएनके’. मदरबोर्डला जोडलेल्या यंत्रांची लांबलचक यादी येईल. तीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ने सुरू होणारी ओळ शोधा. तिथे तुमच्या कार्डाचं खरं नाव असतं, जे लॅपटॉपच्या खोक्यावर कधीच छापलेलं नसतं: इंटेल, रियलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम किंवा ब्रॉडकॉम, आणि पुढे मॉडेलचा आकडा. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेला आहे. ती ओळ नसेल तर दुखणं तिथेच आहे, पुढे शोधायची गरज नाही. कार्ड यूएसबीचं असेल तर त्याचं नाव ‘एलएसयूएसबी’ने कळतं.

ड्रायव्हर का मिळत नाही, यामागे वीस वर्षांचा इतिहास आहे. वायफाय कार्ड म्हणजे स्वतःचा प्रोसेसर असलेला छोटा संगणकच. त्याला चालवायला दोन गोष्टी लागतात: लिनक्सच्या बाजूने ड्रायव्हर आणि कार्डाच्या आत भरायचं फर्मवेअर. ते फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं असतं. कंपनीने ते वाटायची परवानगी दिली तर ते लिनक्सबरोबर येतं, नाही दिली तर आपली पळापळ. ब्रॉडकॉमने अनेक वर्षं ना माहिती दिली ना परवानगी. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून कार्ड कसं बोलतं याची टिपणं काढली. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता, नुसत्या त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप यायला नको. फर्मवेअर मात्र वाटता येत नव्हतं, म्हणून ज्याने त्याने ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढायचं, आणि त्यासाठी वेगळी कात्रीही लिहावी लागली. दुसरीकडे ‘एनडीआयएसरॅपर’ नावाचा जुगाड होता. त्यात विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवला जाई. २०१०मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या काही चिपचा मुक्त ड्रायव्हर दिला तेव्हा कुठे हवा बदलली.

डेबियन या लिनक्सच्याच आणखी एका प्रकाराची अडचण वेगळी, ती तत्त्वाची होती. मुक्त नसलेलं काहीही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नको, असा त्यांचा बाणा. परिणाम असा की तो इन्स्टॉलर सुरू व्हायचा, वायफायचं फर्मवेअर मागायचा आणि अडून बसायचा. २०२२मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं आणि जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच येऊ लागलं. तत्त्वाला मुरड पडली हे खरं, पण माझं मत डेबियनच्या बाजूने आहे. ज्याचं नेटच लागत नाही त्याला सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याचं अप्रूप कुठून असणार?

आज इंटेलची कार्डं बहुतेक वेळा मुकाट्याने चालतात. रियलटेकचं उत्तर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, वयावर असतं. आपल्याकडच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणारं आरटीएल ८८२१सीई एकेकाळी रडवायचं, आता त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. म्हणून कार्ड नवं आणि लिनक्स जुनं असेल तर आधी लिनक्सची नवी आवृत्ती घ्या. निम्मे खटले तिथेच निकालात निघतात. २०१३ ते २०१५ची मॅकबुक असेल तर मात्र अनेकदा ब्रॉडकॉमचा जुना बंदिस्त ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. उबुंटू आणि मिंटमध्ये त्यासाठी ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ अशी खिडकी आहे. तीत खूण करायची, बस्स.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात हमखास पाय अडकतो. लॅपटॉपमध्ये ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही लागते. ड्रायव्हर बसवताना यंत्रणा एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबा असं सांगतो. आपण तेवढ्यात चहा आणायला गेलेलो असतो. पडदा निघून जातो, लिनक्स नेहमीसारखं सुरू होतं आणि वायफाय तसंच मेलेलं. त्या पडद्यावर कळ दाबून ‘एनरोल एमओके’ निवडायचं, ‘कंटिन्यू’ आणि ‘येस’ म्हणायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. संधी हुकली असेल तर ड्रायव्हर पुन्हा बसवून तो पडदा पुन्हा आणता येतो. सिक्युअर बूट सरळ बंद करा असा सल्ला जागोजागी मिळेल, मी तो शेवटच्या उपायासाठी ठेवीन.

ड्रायव्हर आहे, पण नेटवर्कची यादी रिकामी? मग ‘आरएफकिल लिस्ट’ लिहा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने मोकळं होतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर कमांडचा उपयोग नाही. लॅपटॉपच्या कडेला बटण असेल किंवा वरच्या ओळीत विमानाचं चित्र असलेली कळ असेल, ती दाबायची. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावं. त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि कार्ड अर्धवट झोपेत लिनक्सच्या हाती येतं.

सगळ्यात चिवट तक्रार मात्र ‘जोडतं, पण टिकत नाही’ ही. पहिला संशय वीजबचतीवर घ्या. नेटवर्क मॅनेजर कार्डाला मध्ये मध्ये डुलकी घेऊ देतो आणि काही कार्डं त्यातून नीट उठत नाहीत. उबुंटूमध्ये ‘ईटीसी’खालच्या ‘नेटवर्कमॅनेजर’ फोल्डरात ‘कॉन्फ.डी’मध्ये वीजबचतीची एक छोटी फाइल आहे. तीत ‘वायफाय.पॉवरसेव्ह’पुढे ३ लिहिलेलं असतं, त्याचे २ करायचे. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी जास्त जाते, पण मीटिंग अर्ध्यावर तुटत नाही.

दुसरा संशय अँटेनावर. रियलटेकच्या आरटीएल ८७२३बीई कार्डाची गंमत अशी की काही लॅपटॉपमध्ये खर्च वाचवायला एकच अँटेना जोडलेली असते आणि ती कुठल्या टोकाला आहे हे कार्डाला चुकीचं सांगितलेलं असतं. मग राउटर शेजारी ठेवला तरच नेट, पलीकडच्या खोलीत शून्य. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ‘अँट_सेल’ला १ किंवा २ दिलं की सिग्नल एकदम उभा राहतो. असे मी दुकानदाराने ‘कार्ड गेलं’ म्हणून सोडून दिलेले लॅपटॉप पाहिले आहेत.

तिसरा संशय हवेतल्या गर्दीवर. सोसायटीत प्रत्येक घरी राउटर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा, भिंतींमागे मात्र ते लवकर दमतं. यूएसबी ३ची हार्ड डिस्कही २.४च्या पट्ट्यात गोंगाट करते, हे इंटेलने २०१२मध्येच सांगितलं आहे. डिस्क जोडली की नेट मंदावत असेल तर तिला लांब केबलने दूर ठेवून बघा. आणि फोनला दिसणारं घरचं नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नसेल तर राउटर १२ किंवा १३ चॅनेलवर गेलेला असू शकतो. लॅपटॉपने स्वतःला अमेरिकेत समजलं तर तो हे चॅनेल वापरत नाही. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जात असेल, तर राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या सुरक्षा पद्धतीवर आहे का ते बघून त्याला डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्हींच्या मिश्र पद्धतीवर आणा.

जोडलेलं आहे, टिकलेलं आहे, तरी पान उघडत नाही? ‘पिंग ८.८.८.८’ करून बघा. उत्तर येत असेल आणि साइटच्या नावाने मात्र येत नसेल तर इंटरनेट ठीक आहे, नावांचा पत्ता सांगणारा डीएनएस अडलाय. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस लिहा. रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलात असाल तर मोबाइल नंबर मागणारं लॉगिनचं पान कुठेतरी अडकून बसलेलं असतं. व्हीपीएन बंद करा आणि ब्राउझरमध्ये ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा, त्यापुढे ‘एस’ नसलेला पत्ता टाका, ते पान समोर येईल.

एवढं करूनही अडलं तर मदत मागताना तीन गोष्टी लिहून पाठवा: एलएसपीसीआयमधली कार्डाची ओळ, लिनक्सची आवृत्ती आणि ‘डीएमईएसजी’ या कमांडच्या उत्तरातल्या फर्मवेअरचा उल्लेख असलेल्या ओळी. एवढ्यावरून जाणकार बरंच ओळखतो. आणि कार्डच बदलायचं ठरलं तर दोन गोष्टी तपासा. काही जुने लेनोवो आणि एचपी लॅपटॉप स्वतःच्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नाहीत. इंटेलचं एएक्स २१० बऱ्याच ठिकाणी चालतं, पण दिसायला तसंच असलेलं एएक्स २११ फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबरच चालतं.

लिनक्ससाठी नवा किंवा जुना लॅपटॉप घेणार असाल तर प्रोसेसर आणि रॅमच्या बरोबरीने वायफाय कार्डाचं नाव विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन जा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि वायफाय लागलं तरच पैसे द्या.